बाकावरचा खेळाडू

गेल्या पावसाळ्यात एक काकू प्लास्टरमधला उजवा हात गळ्यात अडकवून माझ्या दवाखान्यात आल्या. न्हाणीघरात पाय घसरून मनगटाचे हाड मोडले होते. स्वतःच्या हाताविषयी त्यांनी एक शब्दही विचारला नाही. "डॉक्टर, यांना आता भरवायचे कोणी?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. काकांना चार वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू दुर्बळ झाली. तेव्हापासून अंघोळ, जेवण, औषधे, रात्री कूस बदलून देणे, सारे काकूंनी एकटीने केले. घरात मुलगा आहे, सून आहे, महाविद्यालयात जाणारा नातू आहे; तिघेही मायाळू. परंतु चार वर्षांत त्यांच्यापैकी एकानेही काकांना पलंगावरून खुर्चीत बसवले नव्हते. काकूंनी कधी बसवू दिले नव्हते, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

मला त्या दिवशी अमेरिकेतील एका फुटबॉल सामन्याची आठवण झाली. आरोग्याच्या पाक्षिकात हे विचित्र वाटेल, पण थोडे ऐकून घ्यावे. माझा भाचा त्या वेळी तेथे शिकत होता; या खेळाचे मला जे काही कळते ते त्याच्यामुळे.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून, शिरस्त्राणे घालून, समोरच्यांची भिंत फोडत पुढे सरकायचे, असा तो धसमुसळा खेळ आहे. मैदानावर एका वेळी एका बाजूचे अकराच जण. विद्यापीठाच्या संघात मात्र शंभराच्या आसपास मुले असतात. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला बाक. सर्वांत मोलाची जागा 'क्वार्टरबॅक'ची. चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे द्यायचा, कोठे फेकायचा, हे क्षणार्धात त्याला ठरवावे लागते. ही जागा एकाचीच. दुसरा क्वार्टरबॅक आठवडेच्या आठवडे उभा राहून नुसता पाहतो.

८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटा येथे राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. मध्यंतराला अलाबामा ०-१३ असा मागे पडला होता. दोन वर्षे संघाला जिंकून देत आलेला त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स याला प्रशिक्षक निक सेबन यांनी बसवले आणि पहिल्या वर्षातल्या तुआ टागोवायलोआला उतरवले. या मुलाने तोवर एकाही सामन्याची सुरुवात केलेली नव्हती. मात्र निकाल जवळजवळ ठरून गेलेल्या सामन्यांत, अखेरच्या टप्प्यात, त्याला अधूनमधून खेळवले जात असे. त्या रात्री त्याचा एक चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. तरी त्याला काढले नाही. सामना २०-२० असा बरोबरीत सुटून जादा खेळात गेला. तेथेही पहिल्याच डावपेचात त्याला पाडून सोळा यार्ड मागे ढकलले, आणि पुढच्याच फेकीवर त्याने एक्केचाळीस यार्डांवरून विजय मिळवून दिला. निकाल २६-२३.

मला याच्या पुढचा भाग अधिक आवडतो. हर्ट्स रुसून निघून गेला नाही. आता तो बाकावर बसला. १ डिसेंबर २०१८ रोजी, त्याच मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध, शेवटच्या सत्रात तुआ जायबंदी झाला तेव्हा अलाबामा पुन्हा मागे होता. हर्ट्स उतरला आणि सामना ३५-२८ असा जिंकला.

त्याच वर्षी तेथे एक नियमही बदलला. खेळाडूला महाविद्यालयात चारच हंगाम खेळता येत. एखाद्या सामन्यात काही क्षण उतरला तरी बहुधा अख्खा हंगाम खर्ची पडे. नव्या नियमाने चार सामन्यांपर्यंत खेळले तरी तो खर्ची पडेनासा झाला. हंगाम हातचा गेलेल्या, हरून खचलेल्या संघांना याचा विशेष उपयोग झाला: उरलेल्या सामन्यांत नव्या मुलांना उतरवून पाहता येऊ लागले.

वाचकहो, दीर्घ आजारपण असलेले घर असेच थकत चाललेल्या संघासारखे असते. एकच जण सारे सामने खेळतो आणि बाकीचे बाकावर. आपल्याकडे हा बाक बहुधा पुरुषांचा असतो, हेही नमूद करतो. आणि माझाही दोष कबूल करतो: चार वर्षे मी प्रत्येक सूचना काकूंनाच देत आलो. मुलाला एकदाही समोर बसवले नाही.

तेव्हा तुम्ही धडधाकट असतानाच दुसऱ्याला उतरवा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण द्या. 'जरा पाणी आणून दे' म्हणजे खेळवणे नव्हे. प्रथम दोन-तीन वेळा शेजारी उभे राहून दाखवा: खुर्ची धडधाकट बाजूस ठेवायची, दुर्बळ बाजूने आधार द्यायचा, दुर्बळ हात धरून कधीही ओढायचे नाही, नाहीतर खांदा निखळू शकतो. सदरा घालताना दुर्बळ हात आधी, काढताना शेवटी. घास भरवताना माणूस ताठ बसलेला हवा. गालात अन्न अडकलेले नाही ना, हे पाहावे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. इन्शुलिन किंवा नळीवाटे अन्न देणे मात्र डॉक्टर वा परिचारिकेकडून शिकल्यावाचून कोणीही करू नये. औषधांची वेळ आणि मात्रा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

मग खोलीबाहेर जा. हे सर्वांत कठीण. दाराआडून "असे नाही, तसे" म्हणत राहिलात, तर कोणीही दुसऱ्यांदा हात लावणार नाही. अंथरूण वेडेवाकडे घातले जाईल, वरण सांडेल; जिवाला धोका नसेल तेथे सांडू द्या. आणि ज्यांची सेवा होत आहे, त्या ज्येष्ठांनाही विनंती: नव्या हाताला चार वेळा संधी देऊन मगच तक्रार करावी.

काकूंचे प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. सारा कारभार पुन्हा आपल्याकडे घ्यायला त्या निघाल्याच होत्या. मी गुरुवार मागून घेतला. गुरुवारी आता मुलगा अंघोळ घालतो, नातू दाढी करतो. पहिल्या वेळी हनुवटीला कापले आणि काका बराच वेळ रागावून होते. पुढच्या गुरुवारी त्यांनी आपणहून गाल पुढे केला. काकू त्या दिवशी भजनाला जातात. सुरुवातीला अर्ध्या तासात परतत. परवा सांगत होत्या, आरती होईपर्यंत थांबले होते.