दात घासता कशानं?

बीड जिल्ह्यात स्क्रूचा दात बसवायचा तर आधी साखर कारखान्याचं वेळापत्रक पाहावं लागतं. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं ते धारूरकडच्या ऊसतोड करणाऱ्या एका मावशींनी. डाव्या बाजूच्या खालच्या दोन्ही दाढा किडून मुळं तेवढी उरलेली. भाकरी कुस्करून गिळायच्या. दसऱ्याच्या तोंडावर आल्या आणि म्हणाल्या, "पक्के दात बसवा डॉक्टर. आठ दिवसांत निघायचंय, मुकादमाची उचल घेतलीय."

आठ दिवसांत स्क्रू बसतो, दात नाही. टायटॅनियमचा स्क्रू हाडानं धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्या नरम हाडात सहासुद्धा. तोवर वर कॅप चढवायची नाही. स्क्रू लावून त्यांना धाडता आलं असतं; पण दूर कोल्हापूरकडच्या फडात हिरडीला पू झाला, तर बघणार कोण? मी फक्त मुळं काढली.

ही हाडाची पकड सापडली तीच मुळी अनपेक्षितपणे. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह तपासत होते. प्रयोग संपल्यावर आत बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर निघेना. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन यांच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते टिकले.

खुर्चीत बसलेला पेशंट ड्रिलच्या आवाजाला घाबरतो. आमचं लक्ष असतं सलाईनच्या धारेवर. हाड मिनिटभर ४७ अंशांपुढे तापलं तर मरतं, आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही.

एवढी काळजी घेऊनही पहिल्याच वर्षी माझा एक स्क्रू दीड महिन्यात हलायला लागला. काढावा लागला. तो ज्यांना लावला होता त्या बाईंना मी आधी विचारलं होतं, "तंबाखू खाता का?" त्या "नाही" म्हणाल्या होत्या, आणि खोटं बोलत नव्हत्या. त्या रोज दोनदा मिश्री लावायच्या. आपल्याकडं मिश्रीला तंबाखू कोण म्हणतं? ते दात घासणं. अपयशाचं सगळं खापर मी मिश्रीवर फोडणार नाही. नीट न विचारण्याची चूक माझी होती. जळका तंबाखू दिवसचे दिवस हिरडीवर चोळला की हिरडी खाली सरकते, हाड उघडं पडतं. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: सकाळी दात कशानं घासता?

धारूरच्या मावशींनी चटकन सांगितलं, "मिश्रीनं." कारखाना बंद होऊन पाडव्याला परतल्या तेव्हा मिश्री कमी झाली होती, सुटली नव्हती. पुरती सुटायला आणखी महिना गेला. मग शुगर तपासली, एक्स-रे काढला, वैशाखात दोन स्क्रू लावले. पोळ्याच्या आधी कॅप चढल्या. दसऱ्यानंतर त्या पुन्हा फडावर गेल्या, भाकरी चावून खात.

फडावर जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: दाढ काढल्यावर वर्षानुवर्षं थांबू नका, त्या जागेचं हाड झिजत जातं. पाडव्याला गावी आलात की लगेच दाखवा. पाडवा ते दसरा एवढा वेळ जबड्याला बहुतेक वेळा पुरतो. आणि येताना मिश्रीची डबी घरी ठेवून या.