देव्हाऱ्यातला शंख आणि समुद्रकाकडीच्या पोटातली गोगलगाय

जळगाव-धुळ्याहून समुद्र गाठायचा तर तापीच्या काठाकाठाने पार सुरतेच्या पुढे जावं लागतं. तरी समुद्री गोगलगाय आपल्या घरात असतेच. देव्हाऱ्यातला शंख ही एक, आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतो त्या कवड्या ही दुसरी. हे आजचंही नाही. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे; तेव्हाचा पश्चिम खानदेश, आता नंदुरबार जिल्हा. तिथे 1955 मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, त्यात शंख-शिंपल्यांच्या वस्तूही निघाल्या.

शंख म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं. पण पूजेचा शंख, म्हणजे टर्बिनेला पायरम, कोकणात फारसा नाहीच. तो कच्छच्या आखातात आणि काठेवाडला मिळतो, आणि मग एकदम दक्षिणेत केरळ, मन्नारचं आखात, श्रीलंका. कवडी मात्र आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत पसरलेली. असं का?

उत्तर अंड्यात आहे, बरं का. कवडीच्या अंड्यातून पोहणारे डिंभ निघतात आणि प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे जातात. शंखाची मादी वाळूत अंड्यांची शिंगासारखी पिळदार माळ घालते आणि त्यातून बाहेर येतं ते थेट रांगणारं पिल्लू. ते दूर जाणार कसं? म्हणून एखाद्या भागातले शंख उपसून संपवले, तर लांबून पिल्लं वाहत येऊन ती जागा भरत नाहीत. फुंकायच्या शंखाचं टोक कापलेलं असतं. न कापलेला मिळाला तर टोक निरखून बघा. बोथट बोंडासारखं दिसतं ते त्या पिल्लाचं मूळ कवच.

आता दुसरं टोक. शंख वाळूतल्या किड्यांवर जगतो, पण युलिमिडी कुळातल्या गोगलगायी परजीवी आहेत. तारामासे, सागरी अर्चिन, समुद्रकाकड्या हे त्यांचे यजमान. सोंड खुपसायची आणि रस ओढायचा! त्या उथळ प्रवाळात आहेत तशा खोल समुद्राच्या अंधारातही आहेत, कारण समुद्रकाकड्या हजारो मीटर खोल तळावरही चरतात आणि पाहुणा यजमानामागे जातो.

काहींनी तर गोगलगायपणच सोडलं. एन्टोकोंका समुद्रकाकडीच्या शरीरात राहते. प्रौढपणी कवच नाही, नुसती जंतासारखी नळी. 1851 च्या सुमारास योहानेस म्युलर यांना काकडीच्या आतल्या या नळीत गोगलगायीची कवचवाली पिल्लं दिसली, आणि ते चक्रावलेच. प्रौढाकडे पाहून ओळख पटत नाही, पिल्लांनीच ती पटवली.

भारतात समुद्रकाकड्या पकडायला 2001 पासून कायद्याने बंदी आहे, तरी चोरटी निर्यात पकडल्याच्या बातम्या येतातच. काकडी उकडून वाळवली जाते, तेव्हा तिच्या पोटात कोणी राहत होतं का, हे कोणी बघत नाही.