न्हाणीघरांतील गीझर आणि त्याचें धुराडें

तांब्याचा बंब ज्या घरांत पेटत असे, तेथें धुराची वर्दी डोळ्यांस आधीं मिळे. डोळे चुरचुरूं लागले, कीं मनुष्य आपण होऊन दार उघडी. आतां मुंबई-पुण्याकडील पुष्कळ घरांत बंबाची जागा गॅसच्या गीझरनें घेतली आहे. तोटी फिरवितांच कढत पाणी येतें. सरपण नाहीं, राख नाहीं, डोळ्यांची आगही नाहीं. परंतु धूर दिसत नाहीं म्हणून तो नाहींच, असें मात्र नव्हे. हिवाळ्यांत दारें-खिडक्या लावून स्नानास गेलेलीं निरोगी माणसें आंतच निश्चेष्ट सांपडल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत येतात. त्यांपैकीं कित्येकांचें मूळ या न दिसणाऱ्या धुरांत असतें.

याचा उलगडा एका साध्या हिशेबानें होतो. सिलिंडरमधील एक किलो गॅस पुरता जळण्यास सुमारें १५ किलो, म्हणजे आकारमानानें सुमारें १३ घनमीटर हवा लागते. सहा फूट लांब, चार फूट रुंद व आठ फूट उंच अशा न्हाणीघरांत सारी हवा साडेपांच घनमीटरही भरत नाहीं. घरगुती गीझर पूर्ण जोरानें चालला, तर अर्ध्या तासांत जवळजवळ एवढी सगळी हवा त्याला हवी. प्रत्यक्षांत अर्धा तास लोटावाही लागत नाहीं. प्राणवायु थोडा कमी झाला, कीं ज्वलन अपुरें राहतें आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होऊं लागतो.

या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. गळती कळावी म्हणून सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो; पण तो ज्योतींत जळून जातो, म्हणून येथें नाकावर विसंबून चालत नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या वायूस दोनशेंहून अधिक पट ओढीनें धरून ठेवतें. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें. मग पाय लटके पडतात, आणि कडी काढावी हें समजत असूनही हात उठत नाहीं. खाणींतील मृत्यूंचा अभ्यास करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं खाणींत कॅनरी पक्षी नेण्याचा सल्ला दिला, तो याचसाठीं. मनुष्याच्या ध्यानीं येण्यापूर्वींच त्या चिमुकल्या पक्ष्यास हें विष बाधतें. न्हाणीघरांत असा पहारेकरी नसतो.

इ. स. १८६८ मध्यें लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉघन यांनीं गॅसचा गीझर बनविला, त्यालाही धुराडें नव्हतें. वस्तुतः धुराड्याचें काम, तापलेला वायु हलका होऊन वर जातो, या एकाच तत्त्वावर चालतें. म्हणून त्याची नळी शक्य तितकी सरळ वर न्यावी. ती फार आडवी गेली, कीं ओढ मंदावते, वाफेचें पाणी होऊन सांचतें व पत्रा गंजतो. तिचें तोंड मोकळ्या हवेंत असावें. इमारतीच्या डक्टमध्यें सोडलेला धूर वरच्या बिऱ्हाडाच्या खिडकींतून आंत शिरूं शकतो. शिवाय बाहेर जाणाऱ्या वायूची जागा घेण्यास खालून ताजी हवा आंत आली पाहिजे. त्यासाठीं दाराच्या तळाशीं, कोणास बंद करतां येणार नाहीं अशी जाळी हवी.

धुराड्याऐवजीं पुष्कळ ठिकाणीं भिंतींत एक्झॉस्ट पंखा बसवितात, आणि काम झालें असें समजतात. हा समज घातक आहे. बंद खोलींतील हवा पंखा बाहेर लोटूं लागला, कीं ती तूट भरण्यास बाहेरची हवा मिळेल त्या वाटेनें आंत येते. ती वाट धुराड्याची असली, तर धूर उलटा खालीं उतरतो. ज्या गीझरच्या धुराड्याखालीं मोकळी फट असते, त्याची परीक्षा सोपी आहे. गॅसचा वास येत नाहीं अशी खात्री करून, दार कडी न लावतां ओढून घ्यावें, गीझर व पंखा चालूं करावे आणि त्या फटीजवळ क्षणभर उदबत्ती धरावी. धूर वर ओढला गेला, तर मार्ग मोकळा आहे. तो खोलींत परतला, तर गीझर तत्क्षणीं बंद करून दुरुस्ती होईपर्यंत पेटवूं नये.

सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या बाल्कनींत बसवून केवळ पाण्याचा नळ आंत आणणें. कोणी आंत बेशुद्ध आढळल्यास प्रथम दार उघडून अथवा तोडून त्यास मोकळ्या हवेंत न्यावें, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध प्राणवायु देणें हाच यावरील मुख्य उपचार होय. बोटास लावण्याचें साधें ऑक्सिमीटर येथें फसवितें. विषारी वायूनें भरलेलें रक्तही तें प्राणवायूनें भरलेलें दाखवितें. म्हणून आंकडा चांगला दिसला, तरी रुग्णालयांत जाणें टाळूं नये. आणि ज्या घरीं गीझरला अद्याप धुराडें नाहीं, त्या घरीं तें बसेपर्यंत चुलीवर पाणी तापवून बादलीनें आंत न्यावें. थोडे श्रम पडतील, पण जिवावरचा प्रसंग टळेल.