मराठी रहस्यकथेतील शोधनायक : काही विचार

रहस्यकथेच्या अभ्यासात 'गुन्हा कोणी केला' या प्रश्नाइतकाच 'शोध कोण घेतो' हा प्रश्नही महत्त्वाचा असतो. शोध घेणाऱ्याचे समाजातील स्थान, कायद्याशी असलेले त्याचे नाते आणि सत्य सांगण्याचा त्याचा अधिकार यांवर कथेची घडण अवलंबून असते. एडगर ॲलन पो यांच्या १८४१ मधील कथेतला द्युपँ हा हौशी शोधक होता. १८८७ मध्ये अवतरलेला शेरलॉक होम्स हा व्यवसाय म्हणून सल्ला देणारा. दोघांच्याही मागे महानगर, वृत्तपत्रे आणि संघटित पोलीसदल उभे होते. मराठीत हा नायक रुजू लागला तेव्हा मुंबईसारखे महानगर होते, वृत्तपत्रे होती, पोलीसदलही होते. मात्र ते परक्या सत्तेचे होते. मराठी शोधनायकाचे वेगळेपण बरेचसे या एका गोष्टीतून उलगडते.

बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६), मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. त्यांच्या धनंजय आणि छोटू या जोडीचे होम्स-वॉटसन यांच्याशी असलेले साम्य उघड आहे. परंतु वाचकांच्या स्मरणात ठसले ते मुख्यतः झुंजार आणि काळापहाड. हे दोघे कायद्याच्या चौकटीत राहून तपास करणारे गुप्तहेर नव्हेत. वेषांतर, धाडस आणि दुष्टाला परस्पर शासन करण्याची वृत्ती ही त्यांची लक्षणे. येथे तर्कापेक्षा न्याय मोठा ठरतो. सरकारी यंत्रणेवर वाचकाचा पूर्ण विश्वास नसला की त्याला पुरावा गोळा करणाऱ्या नायकापेक्षा निवाडा करणारा नायक जवळचा वाटतो. 'उचललेली पाश्चात्त्य कथानके' एवढाच शेरा मारून अर्नाळकरांची बोळवण करणाऱ्या समीक्षेने या निवडीकडे पुरेसे लक्ष दिले नाही. उसनवारी होती, हे मान्य करूनही काय उसने घेतले आणि काय टाळले, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

खासगी गुप्तहेराची अडचण कायद्याच्या बाजूनेही आहे. भारतात गुन्ह्याच्या तपासाचा अधिकार पोलिसांचा. खासगी गुप्तहेराला तसा स्वतंत्र अधिकार नाही. अशा संस्थांच्या नियमनासाठी २००७ साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे अमेरिकन कादंबरीतील परवानाधारक, कार्यालय थाटून बसलेला गुप्तहेर मराठी कथेत आणला की तो काहीसा उपरा वाटतो. लेखकांना त्याच्यासाठी दुसरा एखादा अधिकार शोधावा लागतो. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी बॅरिस्टर अमर विश्वास हा वकील नायक निर्माण केला. १९३३ पासून गाजलेल्या पेरी मेसनची आठवण येथे अपरिहार्य आहे. वकिलाला प्रश्न विचारण्याचा हक्क न्यायालयच देते. गुरुनाथ नाईक (निधन २०२१) यांच्या कॅप्टन दीपला तो लष्करी हुद्द्यामुळे मिळतो, आणि परकी सत्ता गेल्यानंतर गणवेशाविषयी निर्माण झालेली आपुलकी त्यामागे जाणवते. झुंजारपासून कॅप्टन दीपपर्यंतचा हा प्रवास केवळ रुचिपालटाचा नाही. राज्यसंस्थेकडे पाहण्याची वाचकाची दृष्टीही त्यात बदललेली दिसते.

शुद्ध तर्कावर उभा असलेला भारतीय शोधनायक पाहायचा तर बंगालीकडे वळावे लागते. शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश १९३२ पासूनचा. तो स्वतःला 'डिटेक्टिव्ह' म्हणवून घेत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो. गंमत अशी की शरदिंदू १९५२ मध्ये पुण्यात स्थायिक झाले आणि ब्योमकेशच्या अनेक कथा त्यांनी तेथेच लिहिल्या. मराठी रहस्यकथा भराला आली असताना तिचा हा थोर समव्यवसायी शेजारीच राहत होता.

अस्सल हौशी शोधक मराठीला दिला तो बालसाहित्याने. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, हा फुरसुंगीचा किडकिडीत मुलगा. त्याच्याकडे हुद्दा नाही, सनद नाही, पिस्तूलही नाही. सायकल आहे आणि न संपणारे कुतूहल आहे. मोठी माणसे त्याच्या शब्दावर सहज विश्वास ठेवत नाहीत, म्हणून त्याला पुरावाच द्यावा लागतो. झुंजारला ज्याची गरज भासली नाही, ते या शाळकरी मुलाला करावे लागते. या दृष्टीने फेणे होम्सच्या अधिक जवळचा आहे. २०१७ च्या चित्रपटात त्याला तरुण केले गेले; वय वाढताच या पात्रातील हा मूळ ताण बदलतो, हे तुलनेसाठी चांगले उदाहरण आहे.

या संदर्भात फ्रेंच भाषिक कॅनडाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९४० मध्ये युद्धकालीन निर्बंधांमुळे अमेरिकन स्वस्त मासिके कॅनडात येणे थांबले आणि क्वेबेकमध्ये स्थानिक पुस्तिकांना वाव मिळाला. अल्बेर ब्रिएँ हा 'फ्रेंच कॅनडियनांचा राष्ट्रीय गुप्तहेर' याच दशकातला. पिएर सोरेल या टोपणनावाने लिहिली गेलेली 'इक्स-१३' या हेराची मालिका १९४७ ते १९६६ अशी जवळजवळ दोन दशके चालली. दहा सेंटांच्या या पुस्तिकांकडे प्रतिष्ठित वाङ्मयाने पाठच फिरवली होती. पुढे लावाल विद्यापीठातील अभ्यासकांच्या गटाने ही मालिका समग्र तपासली आणि १९८४ मध्ये तिच्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. असा अभ्यास शक्य झाला, कारण पुस्तिका हाती होत्या. मराठी रहस्यकथा हलक्या कागदावर छापली गेली, हातोहात फिरली, फाटली आणि रद्दीत गेली. संशोधकाला येथे अर्थनिर्णयाच्या आधी संहिताशोधनापासून सुरुवात करावी लागते.

मराठवाड्यापुरता आणखी एक धागा आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू होते. इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' १९५२ मध्ये अलाहाबादेतून सुरू झाली, तेव्हा उर्दूत शिकलेली मराठी भाषक पिढी येथे ऐन उमेदीत होती. अर्नाळकरांचा झुंजार आणि इब्ने सफींचा कर्नल फरीदी हे दोघेही या पिढीच्या आवाक्यात होते. त्यांनी कोणता नायक निवडला, की दोन्ही वाचले, याचा शोध औरंगाबाद, परभणी, नांदेड येथील जुन्या वाचनालयांच्या देवघेव-नोंदवह्यांतून आणि हयात असलेल्या वृद्ध वाचकांच्या मुलाखतींतून घेता येईल. त्यांपैकी दुसरे साधन फार काळ उपलब्ध राहणारे नाही.