उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी का उतरते?

जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी भागातील उसाची वाहतूक संपली की बरेच ट्रॅक्टर काही आठवडे जागेवर उभे राहतात. पुढे काम निघाले की मालक चावी फिरवतो, तर स्टार्टर नुसता टकटक करतो. कोकणातही १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीनंतर होडीवाल्यांची हीच तक्रार असते. अशा वेळी ‘बॅटरी गेली, नवी घ्या’ असे सांगणे सोपे असते. परंतु पुष्कळदा दोष बॅटरीत नसून वायरिंगमध्ये असतो. मग नवी बॅटरीही महिन्याभरात उतरते आणि कारागिराचे नाव खराब होते.

म्हणून प्रथम दोष कोठे आहे ते ठरवावे. बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडीपासून सोडवावी व आठ दिवस वेगळी ठेवावी. चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास टिकते. १२ व्होल्टवर आली तर जेमतेम पाव चार्ज उरला असे समजावे. मग हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी पाहावी. पाच सेल १२५० दाखवीत असून एकच ११५० वर असेल, तर तो सेल खराब आहे. वेगळी ठेवलेली बॅटरी टिकली, तर दोष गाडीत आहे.

गाडीतील गळती शोधण्यासाठी सर्व स्विच बंद करून निगेटिव्ह वायर काढावी आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावावा. लॅम्प पेटला तर एकेक फ्यूज काढत जावे. जो काढल्यावर लॅम्प विझेल, त्या लाइनमध्ये दोष आहे. फ्यूज काढूनही विझला नाही, तर थेट बॅटरीवर जोडलेला टेप, अॅम्प्लिफायर किंवा अल्टरनेटरचा डायोड तपासावा. बारीक गळतीने लॅम्प पेटत नाही; तेथे मीटर लावावा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारू नये.

गळती किरकोळ मानू नये. ३०० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे ७ अँपिअर-अवर. ८० अँपिअर-अवरची बॅटरी अकरा-बारा दिवसांत रिकामी होते. रिकामी पडून राहिली की प्लेटवरचे सल्फेट घट्ट होते आणि बॅटरी खरोखरच निकामी होते.

उन्हाळ्यात बॅटरी आपोआपही लवकर उतरते, म्हणून ती सावलीत ठेवावी. वरचा ओला मळ खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा. झाकणे मात्र घट्ट बंद असावीत. पाणी कमी झाले असल्यास डिस्टिल्ड वॉटरच घालावे, अॅसिड नव्हे. उभ्या गाडीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी व महिन्यातून एकदा चार्ज द्यावा. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा. चार्जिंगच्या जागी बिडी-काडी पेटवू नये. त्या वेळी निघणारा हायड्रोजन स्फोट घडवितो.

फरशीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, हा समज आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यांना लागू नाही.

कारागीर बंधूंनी तपासणीची वेगळी मजुरी मोकळेपणाने सांगून घ्यावी. ती मेहनतीची हलाल कमाई आहे. गिऱ्हाइकाचा विश्वास ही अमानत आहे. फ्यूजच्या कामात भागत असताना नवी बॅटरी गळ्यात मारली, तर एका दिवसाचा नफा होतो. पण खरे सांगितले तर तोच शेतकरी पुढच्या हंगामात चार ट्रॅक्टरवाले घेऊन दुकानात येतो. धंद्यातील बरकत यातच आहे.