तरवडाची शंभर वर्षं

नगर, सोलापूर, बीडच्या माळांवर भाद्रपद-आश्विनात पिवळंधमक फुलणारा तरवड आपण ओळखतो तो नवरात्रामुळे. घटावर चढणाऱ्या माळांत त्याच्या फुलांना मान आहे. पण शंभर वर्षांपूर्वी तरवडाची किंमत ठरत होती ती फुलावर नव्हे, सालीवर.

वाळलेल्या सालीत 15 ते 20 टक्के टॅनिन असतं आणि तिनं कमावलेलं कातडं फिकट रंगाचं, मऊ निघतं. मद्रास इलाख्यातल्या टॅनऱ्या मुख्यतः या सालीवर उभ्या होत्या. तिथलं कातडं जहाजांनी इंग्लंडला जाई. पहिल्या महायुद्धात लष्करी बुटांसाठी त्याची मागणी आणखी वाढली. साल मात्र बहुतेक रानातूनच सोलून आणत. खरं तर लागवड अवघड नव्हती. पावसाच्या तोंडावर बी फोकायचं, दोन-तीन वर्षांनी फांद्या छाटून साल काढायची. बुडख्याला पुन्हा धुमारे फुटतात. एवढं सोपं असूनही लागवडीचा पसारा कधी मोठा झाला नाही.

मग दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळहून वॅटल या झाडाची साल येऊ लागली. तिच्यात टॅनिन जास्त, त्यामुळे टॅनऱ्या तिकडे वळल्या. 1946 मध्ये भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, तेव्हा तरवडाकडे परतायची संधी होती. पण पुढच्या काळात निलगिरीच्या डोंगरांवर वॅटलचीच लागवड वाढवली गेली. त्या वॅटलनं तिथली गवताळ कुरणं गिळली. जे झुडूप इथल्या मातीत आपोआप उगवतं त्याला डावलून आपण हे दुखणं लावून घेतलं, असं माझं स्पष्ट मत आहे. क्रोम पद्धतीचं कातडं स्वस्त आणि झटपट तयार होऊ लागल्यावर उरलीसुरली सालही मागे पडली.

महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळानंतर बांधबंदिस्तीची मोठी कामं निघाली. पुढच्या वर्षांत बांधांवर, टेकड्यांवर सुबाभूळ आणि गिरिपुष्प लागलं. दोन्ही मूळची मध्य अमेरिकेकडची, तरवडासारखीच शेंगांच्या कुळातली. सुबाभळीचा चारा होतो, गिरिपुष्पाचं हिरवळीचं खत होतं, म्हणून त्यांना पसंती मिळाली. ते समजण्यासारखं आहे. तरवडाला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून तो बिनकामाचा ठरला. मोकाट चराईच्या मुरमाड माळावर मात्र हाच त्याचा मोठा गुण. राखण नाही, कुंपण नाही, पाणी नाही, तरी तो टिकतो आणि माती धरून ठेवतो. फुलात मध नसतो, पण भुंगे अंग थरथरवून त्यातले पराग झाडून नेतात. माळावरच्या या ये-जा करणाऱ्यांचा हिशोब कुठल्या योजनेत धरला गेला नाही.

मानाचं पान मिळालं ते शेजारी. 2014 मध्ये नव्या तेलंगणानं तरवडाला, त्यांच्या तंगेडूला, राज्यफूल केलं. तिथल्या बतुकम्मा सणातली फुलांची उतरंड त्याच्याशिवाय रचत नाहीत.

आपल्याकडे माळ प्लॉटांखाली जातात, तसा तरवडही जातो. म्हणून एक विनंती. माळेसाठी फुलं तोडताना झुडूप ओरबाडू नका, शेंगांपुरती फुलं राहू द्या. शेंगा वाळल्या की बी काढून ठेवा. ते टणक असतं; रात्रभर गरम पाण्यात भिजवून पहिल्या पावसात थेट बांधावर टोका. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे पिशवीतलं मोठं रोप लावण्यापेक्षा जागच्या जागी पेरलेलं बी बरं.