नळ, सिंक आणि निचरा

गेल्या पावसाळ्यांत लोणी काळभोर येथें आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. पुण्यांतील पेठेंतला जुना वाडा पाडावयास निघाला तेव्हां त्यांनीं सोलापूर रस्त्यापासून थोडें आंत एक बैठें घर बांधलें. स्वतः उभयतां, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें असा नऊ माणसांचा संसार तेथें एका स्वयंपाकघरांत नांदतो. घर हवेशीर, ओटा काळ्याभोर दगडाचा, सिंक आरशासारखें. मात्र पाण्याचा पेला ठेवावयास ओट्यापाशीं गेलों तों खालच्या कपाटांतून टप् टप् असा आवाज ऐकूं आला. धाकट्या सूनबाईंनीं कांहींसें ओशाळून दार उघडलें. आंत एक जुनें पातेलें मांडून ठेविलें होतें. तें दर दोन तासांनीं रिकामें करावें लागे. रात्रींही कोणाला तरी उठावें लागे. आदल्याच आठवड्यांत शेजारच्या खणांतील आंबेमोहोराचा डबा बुडाशीं भिजला आणि तांदुळास बुरशी आली. पण त्या माउलीस तांदुळापेक्षां अधिक लागलें तें निराळेंच. गळतीचा दोष आतां माणसांवर जाऊं लागला होता. थोरली म्हणे, धाकटी भांडीं आपटते; धाकटी म्हणे, थोरली कढत पाणी ओतते.

आम्ही कारागीर नव्हे, परंतु बैठक मारून कपाटांत डोकावलों. वस्तूंत खोट कोणतीच नव्हती. सिंक एका दुकानांतलें, नळ दुसऱ्या दुकानांतला, कपलिंग व नळी नळकाम करणाऱ्यानें आयत्या वेळीं आणलेली. प्रत्येक जिन्नस आपापल्या परीनें चांगला. मात्र त्यांची पत्रिका कोणीं जुळविलीच नव्हती.

टेप मागवून मापें घेतलीं. ओट्याची उंची फरशीपासून 33 इंच. दगडाची जाडी एक इंच व त्याखालीं बसविलेलें सिंक 10 इंच खोल. म्हणजे सिंकचा तळ 22 इंचांवर आला. त्याखालीं कपलिंगनें साडेतीन इंच खाल्ले, आणि पुढें वांकाच्या तोंडापर्यंत आणखी दोन इंच. पाणी भिंतींत शिरावयास हवें तें साडेसोळा इंचांवर. आणि भिंतींतील भोंक होतें 18 इंचांवर! सांडपाण्याला दीड इंच चढ चढावयाचा होता. नकाशा काढणाऱ्यानें सात-आठ इंच खोलीचें सिंक मनांत धरलें असावें. पुढें मोठीं पातेलीं मावावींत म्हणून थोरल्या सूनबाईंनीं खोल सिंक पसंत केलें. दोघांचेंही चुकलें नव्हतें. परंतु चढावर पाणी तुंबतें, जोडावर सतत भार राहतो आणि सांधा पाझरूं लागतो. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावाचें पाणी बांधीव नळांतून पुण्याच्या हौदांत आलें तें केवळ उताराच्या बळावर. कित्येक मैल जें साधलें, तें या कपाटांतल्या दोन हातांत साधलें नाहीं!

म्हणून आमची वाचकभगिनींना सूचना अशी कीं, खरेदी उलट्या टोंकानें करावी. आधीं भिंतींतील भोंकाची उंची व रुंदी, मग वांक, मग कपलिंग, मग सिंक आणि सर्वांत शेवटीं नळ. आपण बहुधा चकचकीत नळापासून आरंभ करितों.

मापांच्या नांवांत एक मौज आहे. आपण ज्याला अर्ध्या इंची नळ म्हणतों त्याच्या आट्याचा बाहेरील व्यास मोजला तर तो सुमारें 21 मि.मी., म्हणजे पाऊण इंचाहूनही अधिक भरतो. कारण हें नांव मूळ लोखंडी नळीच्या आंतल्या पोकळीवरून पडलें, आणि जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें 1841 सालीं आट्यांचें जें प्रमाण सुचविलें, त्याच वळणावर तें आजवर चालत आलें आहे. त्याच न्यायानें दीड इंची कपलिंगचा आटा बाहेरून 48 मि.मी.च्या जवळपास असतो. उलट, सांडपाण्याच्या पी.व्ही.सी. नळ्या ओळखल्या जातात त्या बाहेरच्या व्यासानें, 50 मि.मी.ची नळी बाहेरून तेवढीच. एकाचें नांव पोटावरून, दुसऱ्याचें पाठीवरून! या घरीं दीड इंची तोंड आणि 50 मि.मी.ची नळी यांच्यामध्यें जोडतुकडा बसवावयास हवा होता. त्याऐवजीं चिंधी आणि पांढरें सिमेंट आढळलें. दुकानीं जातांना तोंडी माप सांगूं नये. जुना तुकडा पिशवींत घालून न्यावा आणि नव्यावर फिरवून पाहावा. हात धुण्याच्या बेसिनचें सव्वा इंची कपलिंग स्वयंपाकघरांत वापरूं नये, हें ओघानेंच आलें.

वांक, ज्याला बाजारांत ट्रॅप म्हणतात, तो तर येथें नव्हताच. लवचिक नळीचें टोंक भोंकांत खुपसलें होतें, आणि झुरळें व दुर्गंधी यांना राजमार्ग मिळाला होता. वांकांत सुमारें दोन इंच पाणी सदैव साचून राहतें व तेंच गटाराच्या हवेला दार लावतें. ही साधी युक्ति लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यानें 1775 सालीं शौचकूपासाठीं पेटंट करून घेतली. वांक हातानें उघडून धुतां येईल असाच घ्यावा. तुपातेलाचें ओशट पाणी जाणाऱ्या घरांत त्याची गरज महिन्याकाठीं पडतेच.

सिंकच्या धातूविषयीं दुकानदार लोहचुंबक लावून दाखवितात. त्यावर विसंबूं नये. 304 जातीच्या पोलादांत सुमारें 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असतें. 202 जातींत निकेल कमी करून मँगेनीज वाढविलेलें असतें. पण चुंबक दोहोंनाही धरीत नाहीं. मीठ, चिंच, लोणचें यांच्या डागांपुढें पहिली जात अधिक टिकते. तेव्हां जात बिलावर लिहून घ्यावी आणि आय.एस. 13983 हा मानक-क्रमांक आहे कीं नाहीं तें विचारावें.

राहतां राहिला नळ. घरच्या मुलांनीं एका दांड्याचा, उंच मानेचा परदेशी थाटाचा नळ आणला होता. परंतु असे कित्येक नळ एक बार दाबाच्या हिशेबानें केलेले असतात, आणि एक बार म्हणजे पाण्याचा सुमारें 33 फूट उंच स्तंभ. बैठ्या घराच्या गच्चीवरील टांकी नळापासून जेमतेम दहा फूट वर. त्यांतून करंगळीएवढी धार आली तर नवल काय? शिवाय मागची खिडकी आंत उघडे आणि त्या मानेवर आदळे. बोअरच्या जड पाण्यानें तोंडाची जाळी दर पंधरवड्यास बुजे. ती लिंबाच्या रसांत भिजवावी लागे.

शेवटीं काय केलें? भोंक खालीं घेण्यासाठीं भिंत फोडण्याचें ठरत होतें. तेव्हां आजीबाईंनीं आपलें मत दिलें. दहा इंच खोल सिंकांत भांडें घासतांना त्यांची कंबर धरे. इतके दिवस त्या बोलल्या नव्हत्या. मग आठ इंच खोल पण चांगलें रुंद सिंक आणलें. हिशेब पुन्हां मांडला: पाणी साडेअठरावर, भोंक अठरावर. अर्धा इंच उतार मिळाला. थोडक्या अंतराला तो पुरतो. भिंतींतून येणारा व अर्धा फेरा फिरणारा साधा नळ बसविला. त्याची मान डावीउजवीकडे वळते आणि धार बरोबर जाळीवर पडते. थोरल्या सूनबाईंचें मोठें पातेलें आतां तिरकें धरावें लागतें. त्याबद्दल त्या अधूनमधून बोलतात. तें रास्तच आहे.

जुनें खोल सिंक मागच्या अंगणांत विटांच्या दोन खांबांवर ठेवलें आहे. बाजारची भाजी तेथेंच धुतात. त्याचें पाणी, वाड्याच्या मोरीचें जाई तसें, सरळ अळूंत सोडलें आहे. परवां आम्ही गेलों तेव्हां पानें हातभर झालीं होतीं. परततांना आजीबाईंनीं एक जुडी आमच्या पिशवींत घातली.